यादीचे पैसे कोण देतं?

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला की बोलणं होतं ते व्हिसाचं, कर्जाचं, आयईएलटीएसच्या बँडचं, नाहीतर एसओपीचं, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनाचं. या सगळ्याच्या आधी एक कागद तयार झालेला असतो आणि त्याच्याकडे मात्र कोणी नीट पाहत नाही. कन्सल्टंटच्या ऑफिसात दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हातात पडणारी विद्यापीठांची यादी. आठ-दहा नावं, तीन गटांत विभागलेली: ॲम्बिशियस, मॉडरेट, सेफ. मुलगी पुढची दोन वर्षं कुठल्या गावात काढणार, आईवडिलांच्या डोक्यावर किती कर्ज चढणार, पदवी हातात आल्यावर तिला नोकरीला कोण विचारणार, हे बरंचसं त्या कागदावरच ठरून गेलेलं असतं. एसओपी कितीही जीव ओतून लिहिलं तरी यादीत नसलेल्या विद्यापीठाकडे ते जात नाही.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सावकाश उलगडायची आहे. ती यादी वाचता यायला हवी असेल, तर तिचे पैसे कोण देतं हे आधी कळलं पाहिजे.

महाराष्ट्रातल्या पालकाला आपल्याकडचे प्रवेश चांगले समजतात. बारावी, सीईटी, पर्सेंटाइल, ऑप्शन फॉर्म, कॅप राउंड. मागच्या वर्षीचा कटऑफ पीडीएफमध्ये मिळतो आणि अमुक कॉलेजची कॉम्प्युटरची शेवटची जागा कितीला गेली हे शेजारचा मुलगाही सांगतो. यादी करायला बाहेरचं माणूस लागत नाही, घरच्या टेबलावर रात्री बसून ती होते. परदेशी प्रवेशात असा छापील कटऑफ सहसा नसतो. अमेरिकेत मास्टर्सला सीजीपीए, प्रोजेक्ट, शिफारसपत्रं, एसओपी असं सगळं समोर ठेवून समिती निर्णय घेते. ब्रिटनमध्ये पदवीसाठी यूकास या सामाईक अर्जव्यवस्थेवरून फक्त पाच पर्याय टाकता येतात, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यालाच संपते. जर्मनीत आपल्या नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड हवी, किंवा इथल्या विद्यापीठातलं एक वर्ष हवं, नाहीतर तिथलं स्टुडिएनकोलेगचं पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं. एवढं सगळं कुठल्याही आईबापांना माहीत असणं शक्य नाही. म्हणून सल्लागार लागतो, आणि तो लागणं यात काहीच गैर नाही.

मग पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, ठाण्यात, नाशिकला कॉलेज रोडला, नागपुरात धरमपेठेत आपण एखाद्या ऑफिसात जातो. बाहेर पाटी असते, ‘फ्री काउन्सेलिंग’. आत माणसं आदराने वागवतात, मार्कशीट बघतात, केटी किती लागल्या ते न लाजवता विचारतात, पाणी-चहा देतात. फी शून्य. कधी अर्जाची फीसुद्धा माफ करून देतात. बाहेर पडताना मनात एक शंका चाटून जाते की यांना परवडतं कसं? पण विचारायचा संकोच वाटतो. मोफत देणाऱ्याला हिशेब विचारणं आपल्या संस्कारात बसत नाही.

हिशेब साधा आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड इथली पुष्कळ विद्यापीठं आणि कॉलेजं भारतातल्या एजंटांशी करार करतात. मुलगी तिथे पोचली, तिने फी भरली, ठरलेली मुदत उलटली, की एजंट विद्यापीठाला इन्व्हॉइस पाठवतो. रक्कम बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीत असते, साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या घरात. समजा एक वर्षाच्या एमएस्सीची फी 18,000 पौंड आहे आणि दर पंधरा टक्के. कमिशन झालं 2,700 पौंड, म्हणजे तीन लाख रुपयांच्या पुढेमागे. ठरावीक संख्येपलीकडे विद्यार्थी पाठवले की दर वाढतो, असेही करार असतात. कोपऱ्यावरच्या छोट्या ऑफिसाचा विद्यापीठाशी थेट करार नसेल तर ते एखाद्या मोठ्या एजन्सीच्या पोर्टलवरून अर्ज टाकतं आणि कमिशन दोघांत वाटलं जातं.

यात बेकायदा काही नाही. चोरीछुपेही नाही, ऑस्ट्रेलियात तर शिक्षणसंस्थेला आपल्या एजंटांची यादी संकेतस्थळावर लावावी लागते. आणि या पद्धतीचा एक खरा फायदा आहे, तो मी मनापासून मान्य करतो. लातूरच्या किंवा जळगावच्या ज्या घराला सल्ल्यापोटी आधीच लाख-दीड लाख भरणं शक्य नाही, त्या घराला या मोफत टेबलावर निदान कोणीतरी समोर बसवून फॉर्म समजावून सांगतं. अशा टेबलांमागे काम करणारी कितीतरी मुलंमुली प्रामाणिक असतात आणि विद्यार्थ्याचा व्हिसा आला की त्यांना खरोखर आनंद होतो.

प्रश्न माणसाच्या प्रामाणिकपणाचा असता तर सोपं होतं, चांगला माणूस शोधला की काम झालं असतं. इथे चांगला माणूसही करारांच्या त्याच यादीतून निवडतो. काउन्सेलर खोटं काही सांगत नाही, त्याच्याकडे ज्यांचे करार आहेत त्या साठ-सत्तर विद्यापीठांतली तुमच्या मार्कांना जुळणारी दहा तो काढून देतो. पालक मात्र समजतात की जगातल्या सगळ्या विद्यापीठांतून ही दहा निघाली. यादीत जे आहे ते तपासता येतं: रँकिंग बघता येतं, तिथे शिकलेल्या मुलांशी बोलता येतं. जे नाही ते का नाही, हे यादी कधीच सांगत नाही.

ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाने दुसऱ्या एका क्षेत्रात पचवलेली आहे. म्युच्युअल फंडात 2009 च्या ऑगस्टपासून एंट्री लोड बंद झाला, 2013 च्या जानेवारीपासून डायरेक्ट प्लॅन आले आणि त्याच वर्षी सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळे नियम केले. फंड विकून कमिशन घेणारा तो वितरक आणि तुमच्याकडून फी घेऊन सल्ला देणारा तो सल्लागार, हा फरक आज बँकेत जाणारे आपले काका-मावशीही ओळखतात. पाच हजारांच्या एसआयपीबद्दल आपण एवढं सावध झालो. चाळीस लाखांच्या शिक्षणाबद्दल मात्र दोघांना आपण ‘कन्सल्टंट’ या एकाच नावाने हाक मारतो आणि फरक विचारत नाही.

कायद्याचाही इथे फारसा आधार नाही. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नुसतं शिकायला पाठवणारा त्या नोंदणीत येत नाही. याचं टोक काय होऊ शकतं ते 2023 मध्ये दिसलं. त्याआधी काही वर्षं कॅनडात गेलेल्या, बहुतांशी पंजाबातल्या विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रंच बनावट असल्याचं उघड झालं. पोचल्यावर त्यांना एजंटाने सांगितलं होतं की त्या कॉलेजातली जागा भरली, दुसरीकडे घ्या. मुलांनी दुसरीकडे घेतली, शिकली, कामाला लागली, आणि मग परत पाठवणीच्या नोटिसा आल्या. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. हा गुन्हा होता आणि सर्वसाधारण कन्सल्टंटचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण ‘व्हिसा होईल ना?’ एवढाच प्रश्न विचारून परत येणारी घरं आपल्याकडेही भरपूर आहेत.

कमिशनने सल्ला वाकतो हे मी काही नव्याने सांगत नाही. अमेरिकेच्या कायद्याने ते फार पूर्वी मान्य केलं आहे. 1992 मध्ये तिथल्या उच्च शिक्षण कायद्यात तरतूद झाली की सरकारी शिक्षणसाहाय्य घेणाऱ्या संस्थांनी विद्यार्थी मिळवून देणाऱ्याला प्रवेशांच्या संख्येवर कमिशन किंवा बोनस द्यायचा नाही. कारण उघड होतं: डोक्यामागे पैसे मिळू लागले की भरती करणारा विद्यार्थ्याचं भलं बघत नाही, संख्या बघतो. त्याच तरतुदीत एक अपवाद आहे. परदेशात राहणाऱ्या, अमेरिकी सरकारी साहाय्य न मिळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला ही बंदी लागू नाही. प्रवेश समुपदेशकांची तिथली मोठी संघटना नॅकॅक हिच्यात यावर बराच वाद झाला आणि 2013 मध्ये तिने परदेशी भरतीपुरती कमिशनवरची आपली बंदी सैल केली. म्हणजे ओहायोतल्या मुलाला ज्या गोष्टीपासून कायद्याने जपलं, ती सोलापूरच्या मुलाच्या बाबतीत चालते. मला यात अन्याय दिसतो, आणि तो आपणच ओळखून आपल्या मुलांना जपायला हवं, कारण दुसरं कोणी ते करणार नाही.

आता ही यादी प्रत्यक्षात कशी वाकते ते जर्मनीच्या उदाहरणावर बघू, कारण आजकाल मराठी घरांत जर्मनीचं नाव फार घेतलं जातं.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. सेमिस्टरला काही शे युरोंचं अंशदान भरलं की झालं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो लावले, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे फी सुरू केली, पण असे अपवाद मोजके. विद्यार्थ्याला भारतातून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला 18,000 रुपये लागतात. पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या सामाईक सेवेतून जातात, पहिल्याला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटला सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि ते पैसे आपलेच, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात. आता विचार करा, जिथे फीच नाही तिथे पहिल्या वर्षाच्या फीचे पंधरा टक्के म्हणजे किती? शून्य. करार करायला कोणाला कारणच नाही.

पण पाटीवर ‘स्टडी इन जर्मनी’ तर असतं. मग यादीत काय येतं? बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या शहरांतली खाजगी विद्यापीठं, इंग्रजीतून शिकवणारी, वर्षाला दहा-बारा हजार युरो किंवा त्याहून जास्त फी घेणारी. त्यांतली काही चांगलीही आहेत. प्रवेश झटपट होतो, जर्मन भाषेची अट नसते, ऑफर लेटर काही आठवड्यांत येतं. घरात पेढे वाटले जातात. मुलाला आणि पालकांना ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं’ हे ऐकून माहीत असतं, आणि समोर मात्र वीस-पंचवीस लाखांचं कर्ज असतं. विचारलं तर उत्तर मिळतं, तुमच्या प्रोफाइलला सरकारी अवघड आहे. कधी ते खरंही असतं. पण सात सीजीपीएच्या मेकॅनिकलच्या मुलाने बी-वनपर्यंत जर्मन शिकून पुढच्या वर्षी आखेन, ड्रेस्डेन, केमनित्सला किंवा एखाद्या होखशूलेला अर्ज केला असता तर काय झालं असतं, हे सांगण्यात त्या टेबलावर कोणाचंच हित नव्हतं. ते वर्ष थांबवणं म्हणजे हातचा प्रवेश सोडणं.

यादीतून गळणाऱ्या नावांत सगळ्यात मोठं नाव कुठल्या विद्यापीठाचं नसतं. ‘यंदा जाऊ नकोस’ हा तो पर्याय. दोन वर्षं नोकरी कर, मग तुला कोणत्या विषयात पुढे जायचंय ते कळेल. गेट देऊन आयआयटीत एमटेकचा प्रयत्न कर. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी थांब, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पण ती मिळाली तर फीसकट सगळा खर्च त्यात बसतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटींत बसतोस, तर तिच्या क्रमवारीच्या मर्यादेतलं विद्यापीठ आधी शोध आणि मगच बाकीचं ठरव. यांतला प्रत्येक सल्ला काही मुलांसाठी अचूक असतो. आणि यांतल्या एकाही सल्ल्याचे पैसे सल्ला देणाऱ्याला मिळत नाहीत. त्यामुळे मोफत टेबलावरून मुलगा ‘थांब’ हा शब्द ऐकून परतल्याचं क्वचितच ऐकू येतं. फॉल नाही तर स्प्रिंग, सप्टेंबर नाही तर जानेवारी, इन्टेक कायम उघडाच असतो.

मग फी घेणारा कन्सल्टंट बरा, असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरं आहे. अमेरिकेत स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांची आयईसीए नावाची संघटना 1976 पासून आहे. तिच्या सदस्यांना विद्यापीठाकडून प्रवेशापोटी एक पैसाही घेता येत नाही, पैसे देणार ते फक्त कुटुंब. आपल्याकडेही अशी निखळ फीवर चालणारी माणसं आहेत. पण इथे दुसरीकडून काळजी घ्यावी लागते. लाखभर रुपये घेतलेल्या माणसावर निकाल दाखवण्याचा ताण येतो, आणि मग ‘तुम्ही फक्त माहिती द्या, एसओपी आम्ही बघतो’ सुरू होतं. अशा तयार मालाचं काय होतं ते यूकासने 2007 मध्ये दाखवलं. त्यांनी अर्जांची तुलना केली तेव्हा वैद्यकीय प्रवेशाच्या दोनशेहून अधिक निवेदनांत एकच प्रसंग निघाला: आठव्या वर्षी केमिस्ट्री सेटचा खेळ करताना पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची ओढ लागली. एकाच पायजम्यावर दोनशे मुलं डॉक्टर व्हायला निघाली होती. ती मुलं स्वतः लिहायला बसली असती तर प्रत्येकाकडे स्वतःचा प्रसंग होता. फी कुटुंबाने दिली, तरी तिच्या बदल्यात मुलाचा आवाज गेला तर सौदा महागच पडला.

मदत करणाऱ्याचं काहीतरी मनात असतंच, हे मराठी माणसाला पहिल्याच मोठ्या परदेशी प्रवेशात भेटलं आहे. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकवण्यासाठी त्यांचे पती गोपाळराव जोश्यांनी 1880 मध्ये पत्र लिहिलं ते मिशनरी रॉयल वाइल्डर यांना. वाइल्डर कोल्हापूरला राहून गेलेले, तेव्हा अमेरिकेत एक मिशनरी नियतकालिक चालवत. मदत मिळू शकेल, पण ख्रिस्ती व्हा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. जोश्यांनी नाही म्हटलं. तो पत्रव्यवहार त्या नियतकालिकात छापून आला, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला, त्यांनी स्वतः होऊन आनंदीबाईंना लिहिलं, आणि 1883 मध्ये आनंदीबाई त्यांच्या घरी उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात आपल्याला डॉक्टर का व्हायचंय हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. 1886 मध्ये त्या एमडी झाल्या. मला या हकिकतीत विशेष वाटतं ते हे की अट आधीच उघड्यावर आली होती. वाइल्डरना काय हवं आहे हे जोश्यांना स्पष्ट दिसलं, म्हणून त्यांना नकार देता आला. आजच्या पालकापुढे अट मांडलीच जात नाही, मग नकार द्यायचा कशाला?

ज्यांना तुमच्या प्रवेशातून पैसा मिळत नाही अशी ठिकाणं आज आहेत. अमेरिकेची माहिती यूएसआयईएफच्या मुंबई कार्यालयात मिळते, जर्मनीची डाड या जर्मन संस्थेकडे. त्यांनाही आपापल्या देशाकडे विद्यार्थी ओढायचे असतात हे लक्षात ठेवावं, पण अमुक एका विद्यापीठातून त्यांना टक्केवारी नसते. आणि महाराष्ट्रात एक काम असं उभं राहिलं आहे ज्याचा मला अभिमान वाटतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातून आलेले, चेव्हनिंगवर लंडनच्या सोआसमध्ये शिकलेले राजू केंद्रे यांनी एकलव्य ही संस्था उभी केली. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी असलेल्या मुलांना देशातल्या आणि परदेशातल्या चांगल्या विद्यापीठांत जाण्यासाठी तिथे मार्गदर्शन मिळतं. जे आधी जाऊन आले, ते पुढच्याचा मसुदा वाचतात, मुलाखतीचा सराव घेतात. मसुदा मुलाचाच असतो, मार्गदर्शक समासात प्रश्न लिहितो: हे तू का केलंस, गावात नेमकं काय बघितलंस, या अभ्यासक्रमातला कोणता विषय तुला हवा आहे? अशा प्रश्नांची उत्तरं लिहिताना मुलाला कधी कधी कळतं की त्याची यादीच चुकली आहे, आणि ती वेळेत बदलते. सल्लागाराचं काम माझ्या मते एवढंच आणि एवढं मोठं आहे.

सगळ्यांना असा मार्गदर्शक मिळणार नाही. बहुतेक घरं कमिशनवाल्याच टेबलावर बसतील, आणि बसायला हरकतही नाही. फक्त बसल्यावर तीन-चार गोष्टी तोंडाने मागा. तुमच्या यादीतल्या कोणत्या विद्यापीठांशी तुमचा करार आहे, ते प्रत्येक नावापुढे लिहून द्या म्हणा. करार नसलेली, आमच्या मुलीच्या मार्कांत बसणारी चार नावं सुचवा म्हणा, त्यासाठी वेगळी फी पडली तर ती द्या. अर्जाचा ईमेल आयडी आणि पासवर्ड मुलीच्याच हातात ठेवा, कारण विद्यापीठाचं उत्तर तिथेच येतं, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेली शिष्यवृत्तीची बातमी ‘दिसली नाही’ असं नंतर ऐकायची वेळ येऊ नये. आणि यंदा थांबलो तर काय फायदा, हेही विचारा. चांगला काउन्सेलर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला मोकळं बोलता येतं. जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडे खुशाल पुन्हा जा. जो विषय बदलेल, त्याच्याकडे मूळ मार्कशीट आणि डिपॉझिटचा चेक ठेवू नका.